पाटीवरचे नाव शेवटपर्यंत वाचा : नामसाधर्म्याने होरपळलेल्या एका शेतकरी कंपनीचे खुले पत्र

प्रति,
कंपन्यांच्या नावांना मंजुरी देणारे, जप्तीच्या याद्या करणारे, कर्जाच्या फायली हाताळणारे आणि बातम्या प्रसिद्ध करणारे सर्व मान्यवर

विषय : सारख्या नावाच्या, पण एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या कंपन्यांबाबत होणारा गोंधळ थांबवण्याबाबत

महोदय, महोदया,

मी मराठवाड्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा अध्यक्ष आहे. ३१२ सभासद, एक गोदाम, एक ग्रेडिंग मशीन, एक वजनकाटा आणि सोयाबीन, तूर, हरभरा यांची खरेदी, स्वच्छता व बियाणे विक्री, एवढाच आमचा पसारा आहे. गेल्या वर्षभरात या गोदामाच्या दारात पोलीस आले, तलाठी आले, बँकेचे लोक आले, मोबाइलचा कॅमेरा रोखून बातमी करणारी मुले आली आणि सगळ्यांत जास्त म्हणजे रडवेली माणसे आली. त्यांतील एकाचेही काम आमच्याकडे नव्हते. ते सगळे दुसऱ्याच एका कंपनीला शोधत होते. तिच्या नावाचा पहिला शब्द आणि आमच्या नावाचा पहिला शब्द एकच आहे, एवढाच तिचा आणि आमचा संबंध.

ती कंपनी ठेवी घेत असे. तिचे कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात होते, तिचे संचालक आम्ही कधी पाहिलेले नाहीत, आमच्या आणि तिच्या खात्यांत एका रुपयाचाही व्यवहार झालेला नाही. गेल्या दिवाळीनंतर तिच्या शाखांना कुलपे लागली, एजंटांचे फोन बंद झाले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. त्या ठेवीदारांबद्दल माझ्या मनात राग नाही; त्यांच्यात आमच्या सभासदांचे सोयरे आहेत. पण त्यांचा संताप चुकीच्या दारावर आदळत राहिला आणि तो तसा आदळू नये यासाठी ज्यांनी एक ओळ जास्त वाचायला हवी होती, त्यांनी ती वाचली नाही. हे पत्र त्यांच्यासाठी आहे.

दोन्ही कंपन्यांची नावे मी येथे लिहिलेली नाहीत. ती शेजारी शेजारी छापली गेली की वाचणाऱ्याच्या मनात पुन्हा एकत्र बसतात, हे आम्ही खुलाशाची पत्रके वाटून शिकलो. पहिल्या पत्रकात आम्ही ठळक अक्षरांत छापले होते, की अमुक कंपनीशी आमचा संबंध नाही. ते पत्रक ज्यांनी बाजाराच्या गर्दीत घाईने वाचले त्यांच्या लक्षात त्या कंपनीचे नाव आणि खाली दिलेला आमचा फोन नंबर एवढेच राहिले. पुढचे चार दिवस तो फोन थांबला नाही.

तो समान शब्द म्हणजे आमच्या भागातून वाहणाऱ्या नदीचे नाव. मराठवाड्यात यात नवल काही नाही. गोदावरी, मांजरा, तेरणा, दुधना, पूर्णा, सिंदफणा यांच्या काठांवर शाळा, दूध संघ, डाळ मिल, पतसंस्था, रसवंती, दवाखाने अशा सगळ्यांनीच नदीचे नाव घेतलेले आहे आणि ते घेण्यात गैरही नाही. आमच्या पहिल्या सभेत नावाचा विषय निघाला तेव्हा दुसरे नाव कोणी सुचवलेच नव्हते. त्या नावावर आमची मालकी नाही, कोणाचीच नाही. म्हणून कोणी आमचे नाव चोरले, अशी माझी तक्रार नाही. नदीचे नाव दहा जणांनी घ्यावे. पण त्या दहांपैकी एकाने लोकांचे पैसे बुडवले, तर उरलेल्या नऊ जणांना ओळखण्याची काहीतरी रीत शासनाकडे, बँकेकडे आणि वृत्तपत्राकडे असलीच पाहिजे.

पौष महिन्यातील एका सकाळी मी गोदामाचे शटर उघडायला गेलो, तेव्हा ओट्यावर एक वयस्कर बाई बसून होत्या. पहाटेच्या पहिल्या एसटीने त्या आल्या होत्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून, कापडात गुंडाळलेली ठेव पावती काढली आणि माझ्यासमोर धरली. पावती ६५,००० रुपयांची होती. दोन हंगाम ऊसतोडीला जाऊन आणि एक म्हैस विकून साठवलेले ते पैसे होते. ही पावती आमची नाही, असे मी त्यांना सांगितले. त्या काही न बोलता उठल्या, पाटीखाली जाऊन उभ्या राहिल्या, आधी पावतीवर आणि मग वर पाटीकडे बोट करून म्हणाल्या, “ह्ये अन् ह्ये एकच हाय की, लेकरा. मला वाचाया येत न्हाई, पर अक्षराची वळख हाय.”

त्यांचे म्हणणे खरे होते. पहिला शब्द दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा होता. त्यापुढे आमच्या पाटीवर ‘फार्मर्स प्रोड्यूसर कंपनी लिमिटेड’ असे होते आणि त्यांच्या पावतीवर ‘निधी लिमिटेड’ असे. मी एकेक अक्षर दाखवत गेलो. ‘निधी’ हा शब्द पावतीवर कुठे आहे आणि तो आमच्या पाटीवर कसा नाही, हे समजावत राहिलो. अर्धा तास गेला. मग त्यांचे लक्ष शेवटच्या शब्दाकडे गेले. ‘लिमिटेड’ दोन्हीकडे होते. त्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी मला विचारले, “मंग ह्यो?” मी चहा मागवला, कोणत्या पोलीस ठाण्यात जायचे ते कागदावर लिहून दिले आणि त्यांना परतीच्या गाडीत बसवले. माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला, असे मला आजही वाटत नाही.

‘निधी’ या शब्दाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण यात दुसरा एक गोंधळ दडलेला आहे. कंपनी कायद्याच्या कलम ४०६ खाली ‘निधी’ हा कंपन्यांचा एक वेगळा प्रकार आहे. अशी कंपनी फक्त आपल्या सभासदांकडून ठेवी घेऊ शकते आणि फक्त सभासदांनाच कर्ज देऊ शकते. पण आमच्या गावात ‘निधी’ म्हटले की लोकांना आठवतो तो २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये खात्यावर जमा करणारा पीएम किसान सन्मान निधी आणि त्याच्या जोडीला राज्य शासनाचा नमो शेतकरी महासन्मान निधी. एका बाजूला नदीचे नाव, दुसऱ्या बाजूला शासकीय योजनेचा शब्द. एजंटाला मग फार काही सांगावे लागले नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नव्या कंपनीने निधी म्हणून काम सुरू करण्यापूर्वी २०० सभासद आणि २० लाख रुपयांचा स्वनिधी दाखवून ‘ही निधी कंपनी आहे’ अशी केंद्र शासनाची घोषणा मिळवणे आवश्यक झाले, ही चांगली गोष्ट आहे; पण ‘ही शासनाची योजना नव्हे’ हे साधे वाक्य त्या पावतीवर कोणत्याही भाषेत नव्हते.

आता नावाच्या मंजुरीकडे येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की अस्तित्वात असलेल्या कंपनीच्या नावाशी फार जवळचे साम्य असलेले नाव घेता येणार नाही. कंपनी नोंदणी नियमांतील आठवा नियम तर याहून बारकाईने लिहिलेला आहे. एकवचनाचे अनेकवचन केले, दोन शब्दांमधली जागा काढली, विरामचिन्ह घातले, शब्दांचा क्रम बदलला, उच्चार तोच ठेवून स्पेलिंग वेगळे केले किंवा पुढे फक्त गावाचे नाव जोडले, तरी ते नाव वेगळे धरले जात नाही. ज्याने हा नियम लिहिला त्याला माणसे नावे कशी ऐकतात याची जाण होती, असेच मी म्हणेन. अडचण पुढे आहे. नियम कंपनीचे पूर्ण नाव समोर ठेवून तुलना करतो. ‘प्रोड्यूसर कंपनी’ आणि ‘निधी’ हे दोन प्रकार वेगळे, म्हणून नावेही वेगळी ठरतात. आमच्या भागात मात्र पूर्ण नाव कोणीही घेत नाही. “सोयाबीन कुठे घातले?” असे विचारले तर माणूस नदीचे नाव सांगतो. “पैसे कुठे ठेवले?” तरी तेच सांगतो. आडतीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात कंपनीचे नाव म्हणजे तिचा पहिला शब्द.

शिवाय तुलना होते ती इंग्रजी अक्षरांत. नावाचा शोध घेताना रोमन लिपीत शब्द टाकावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार मात्र कंपनीला आपल्या कार्यालयाबाहेर नाव स्थानिक भाषेच्या लिपीतही लावावे लागते, म्हणजे आमच्याकडे देवनागरीत. श्री हा एकच शब्द इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिला जातो. ज्ञ चे इंग्रजी स्पेलिंग मराठी माणूस एक करतो आणि हिंदी माणूस दुसरे करतो. कृषीतला ऋ कुठे रु होतो, कुठे रि. इंग्रजीत वेगळी दिसणारी ही नावे पाटीवर देवनागरीत उतरली की एक होतात. लोक जी पाटी वाचतात ती मंजुरी देताना कोणी पाहत नाही आणि मंजुरी देताना जे स्पेलिंग पाहिले जाते ते लोक वाचत नाहीत.

हे मीच म्हणतो आहे असे नाही. १९६२ साली ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अमृतधारेची बाटली माझ्या आजीच्या फडताळात कायम असे, म्हणून वकिलांनी सांगितलेला हा खटला माझ्या लक्षात राहिला. नावांतील साम्य कोणत्या मापाने मोजायचे, याचे उत्तर न्यायालयाने त्यात दिले : दोन बाटल्या शेजारी ठेवून भिंगातून पाहणाऱ्या जाणकाराच्या मापाने नव्हे, तर साधारण बुद्धीच्या आणि अर्धवट आठवण घेऊन दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या मापाने. पुढे २००१ साली कॅडिला या नावाच्या दोन औषध कंपन्यांच्या वादात त्याच न्यायालयाने म्हटले, की ज्या देशात एक समान भाषा नाही, जिथे कितीतरी लोक निरक्षर आहेत आणि इंग्रजी जाणणारे थोडे आहेत, तिथे नावांतला फरक गिऱ्हाइकाला कळेलच असे विलायती पद्धतीने धरून चालणे म्हणजे वस्तुस्थितीकडे डोळेझाक करणे आहे. माझ्या ओट्यावर बसलेल्या त्या मावशी हेच माप घेऊन आल्या होत्या. ते माप बाजारातल्या बाटलीला लागू होते, तर नव्या कंपनीच्या अर्जाला का लागू होऊ नये?

आता आमच्यावर काय काय गुदरले ते सांगतो. सगळ्यांत गंभीर गोष्ट जमिनीची. ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा १९९९ चा आपला राज्याचा कायदा आहे. त्याखाली ठेवी बुडवणाऱ्या संस्थेची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे परत करण्याची सोय आहे. हा कायदा हवाच. पण मालमत्तेची यादी करताना एका कार्यालयाने नदीच्या नावावरून शोध घेतला आणि आमच्या गोदामाचा गट नंबर त्या यादीत घातला. आम्हाला फेरफाराची नोटीस आली तेव्हा कळले, की गोदामाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात जप्तीची नोंद घ्यायची आहे. आम्ही पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, संचालकांची यादी, पाच वर्षांचे ताळेबंद जोडले, म्हणून ती नोंद मंजूर झाली नाही. नोटीस घेऊन आलेल्या कर्मचाऱ्याने ती त्याच दिवशी हातात दिली, हे आमचे नशीब. ती दिवाळीच्या सुट्टीत दाराखालून सरकवली गेली असती, तर ३१२ शेतकऱ्यांनी हजार-दोन हजार रुपये जमवून उभारलेले गोदाम दुसऱ्याच्या कर्मासाठी अडकले असते. यादी करताना कंपनीचा नोंदणी क्रमांक पाहिला होता का, असे मी विचारले. क्रमांकाचा रकानाच नमुन्यात नाही, असे उत्तर मिळाले.

दुसरी गोष्ट बँकेची. खरेदीच्या ऐन हंगामात आमच्या सीसी (कॅश क्रेडिट) म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या खात्यातून उचल थांबवण्यात आली. कारण तोंडी सांगितले गेले : “वरून चौकशी आहे.” लेखी काही दिले नाही. चौकशी कोणाची, हे विचारल्यावर संगणकावर जे पान दाखवले गेले त्यावर नाव त्या दुसऱ्या कंपनीचे होते, पत्ता तिचा होता, पॅन तिचा होता. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी ते माझ्यासमोरच वाचले आणि तरीही म्हणाले, की वरून मोकळीक येईपर्यंत त्यांना काही करता येणार नाही. ती यायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत ज्या सभासदांनी हरभरा आमच्या काट्यावर घातला होता त्यांना मापाची पट्टी देता आली, पैसे देता आले नाहीत. शेतकऱ्याच्या कंपनीची पत म्हणजे मापानंतर मिळणारे पैसे. दुसरी पत आमच्याकडे नाही. दोन गावांतील लोकांनी त्यानंतर माल पुन्हा व्यापाऱ्याकडे नेला आणि मी त्यांना दोष देत नाही.

बातम्यांबद्दल थोडक्यात लिहितो. एका बातमीत मजकूर त्या कंपनीचा होता आणि फोटो आमच्या पाटीचा. आम्ही कळवल्यावर फोटो काढण्यात आला, पण तोवर तो शेकडो मोबाइलवर फिरला होता, आणि तो बदलल्याचा खुलासा कुठेही आला नाही. पोलिसांनी मात्र एका भेटीत कागद पाहिले, चूक मान्य केली आणि तसे लेखी दिले. तो कागद आम्ही आजही दारात काचेत लावून ठेवला आहे.

सर्वांत मोठा आर्थिक फटका जूनमध्ये बसला. आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांचे सोयाबीन बियाणे सभासदांच्या शेतात तयार करतो, उगवण तपासतो आणि परवान्यावर विकतो. त्या वर्षी ४०० पिशव्या तयार होत्या. मृग निघाला तरी गिऱ्हाईक आले नाही. जे आले त्यांनी विचारले, की पैसे बुडवणाऱ्यांचे बियाणे उगवेल का. २६० पिशव्या शेवटी चाळणीवरून पुन्हा ओतून धान्याच्या भावात बाजार समितीत घालाव्या लागल्या. २०२४-२५ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्याही खाली होता. बियाणे म्हणून त्याची किंमत किती होती, हे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात विचारावे.

याच बियाण्याच्या पिशवीवरून मला एक गोष्ट सर्व कार्यालयांना विचारायची आहे. सोयाबीनच्या एका पिशवीवर आम्हाला टॅग लावावा लागतो. त्यावर वाण, लॉट नंबर, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख, उत्पादकाचे नाव व पत्ता असतो. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के लागते. लॉट नंबरमध्ये एक अंक चुकला तरी बियाणे निरीक्षक विक्री बंदचा आदेश देऊ शकतात आणि तो द्यावा असेच मी म्हणेन, कारण लॉट नंबर चुकला तर कोणाचे बियाणे उगवले नाही हे शोधता येत नाही. पिशवीसाठी आपण एवढी काळजी घेतो, तर जिच्यावर शेकडो कुटुंबे अवलंबून आहेत त्या कंपनीची ओळख नावाच्या अर्ध्या तुकड्यावरून का पटवली जाते? प्रत्येक कंपनीला २१ अक्षरांचा व अंकांचा ओळख क्रमांक मिळालेला आहे. त्यात ती शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही हे सांगणारे अक्षर आहे, उद्योगाचा संकेतांक आहे, राज्य आहे, नोंदणीचे वर्ष आहे, कंपनीचा प्रकार आहे आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक आहे. पत्रावर, बिलावर, नोटिशीवर हा क्रमांक छापणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही तो छापतो. आम्हाला आलेल्या एकाही नोटिशीवर तो नव्हता.

नोंदीतली अशी चूक दुरुस्त केली की संपली, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल, तर ब्रिटनमधील एक प्रकरण मी येथे ठेवतो. २००९ साली तेथील कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाने ‘टेलर अँड सन’ या कंपनीच्या अवसायनाची, म्हणजे ती गुंडाळली जात असल्याची, नोंद चुकून ‘टेलर अँड सन्स’ या कार्डिफच्या अभियांत्रिकी कंपनीच्या नावावर केली. इंग्रजीत फरक शेवटच्या एका अक्षराचा. चूक काही दिवसांतच दुरुस्त झाली, पण तोवर ती माहिती पतमापन करणाऱ्या संस्थांकडे पोहोचली होती. पुरवठादारांनी उधारी थांबवली, गिऱ्हाइके गेली आणि दोनशेहून अधिक माणसांना काम देणारी कंपनी कोसळली. २०१५ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने त्या नुकसानीची जबाबदारी नोंदणी कार्यालयावर ठेवली. शिकल्यासवरलेल्या गुंतवणूकदारांचीही गत वेगळी नाही : मार्च २०२० मध्ये व्हिडिओ कॉलची ‘झूम’ कंपनी समजून लोक ‘झूम टेक्नॉलॉजीज’ या भलत्याच कंपनीचे शेअर घेत सुटले आणि अमेरिकेच्या बाजार नियामकाला त्या शेअरचे व्यवहार थांबवावे लागले. तेव्हा अशा चुका फक्त अडाणी माणसांकडून होतात, असे कोणी समजू नये.

आम्हाला अनेकांनी सल्ला दिला, की तुम्हीच नाव बदलून टाका. हा सल्ला आपुलकीने दिला गेला, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. नाव बदलले, तर कायद्यानुसार पुढची दोन वर्षे नव्या नावासोबत जुने नावही पाटीवर आणि कागदांवर लिहावे लागते. ते नियमाला धरून योग्यच आहे, कारण नाव बदलून देणेकऱ्यांना चुकवणाऱ्यांना त्यामुळे आळा बसतो. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होईल? आज आम्ही ‘ती कंपनी नव्हे’ असे छातीठोक सांगू शकतो. उद्या पाटीवर दोन नावे दिसली, की गाव म्हणेल, नाव बदलून बसलेत. ज्याने काही केले नाही त्याने नाव का टाकावे, हा प्रश्न तर राहतोच.

कायद्यात आम्हाला उपाय आहेत, हेही मला ठाऊक आहे. कलम १६ नुसार नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) मालकाला दुसऱ्या कंपनीच्या नावाविरुद्ध तिच्या नोंदणीपासून तीन वर्षांच्या आत अर्ज करता येतो आणि आदेश झाल्यास त्या कंपनीला तीन महिन्यांत नाव बदलावे लागते. सप्टेंबर २०२१ पासून तर आदेश न पाळणाऱ्या कंपनीचे नावच यंत्रणा बदलून टाकते. पण आमच्याकडे व्यापारचिन्ह नाही. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी वस्तू-सेवांच्या एका वर्गाला ४,५०० रुपये पडतात, आणि असे एकूण ४५ वर्ग आहेत. बियाणे ३१ व्या वर्गात येते, वित्तसेवा ३६ व्या वर्गात. आम्ही ३१ व्या वर्गात नाव नोंदवले असते, तरी ३६ व्या वर्गातील कंपनीला त्याने सहज अडवता आले नसते. आणि या घटकेला तिचे नाव बदलून तरी काय होणार? तिचे कुलूप उघडणार नाही आणि लोकांच्या तोंडातला पहिला शब्दही बदलणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या नाव काढून घेण्याच्या नाहीत, ओळख पटवण्याच्या आहेत. जप्ती, चौकशी, खाते गोठवणे किंवा ठेवीदारांना आवाहन करणारी जाहिरात, यांपैकी कोणताही कागद कंपनीचे पूर्ण नाव, ओळख क्रमांक, पॅन आणि नोंदणीकृत पत्ता यांवाचून निघू नये. नमुन्यात रकाना नसेल तर तो करावा. ज्या कार्यालयाच्या चुकीने निर्दोष कंपनीचे नाव यादीत आले, त्याने सात दिवसांच्या आत लेखी दुरुस्तीपत्र द्यावे, कारण पोलिसांनी दिलेल्या एका कागदाने जे काम केले ते आमच्या शंभर खुलाशांनी केले नाही. बँकेने खात्यातून उचल थांबवताना कारण लेखी द्यावे, आणि पॅन जुळत नसेल तर शाखेलाच त्याच दिवशी मोकळीक देण्याचा अधिकार असावा.

नाव मंजूर करताना ते देवनागरीत कसे लिहिले आणि बोलले जाईल, हे तपासावे. पहिला शब्द त्याच भागातील दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेचा असेल तर, निदान लोकांच्या ठेवी घेऊ पाहणाऱ्या कंपनीला, वेगळा पहिला शब्द घ्यायला सांगावे. आज कंपन्या एका ठिकाणी, राज्यातील सहकारी संस्था दुसऱ्या ठिकाणी, बहुराज्यीय संस्था दिल्लीला, भागीदारी पेढ्या आणि न्यास आणखी वेगळ्या ठिकाणी नोंदले जातात. या सर्वांची नावे मराठीत एकत्र शोधता येतील असे एक पान सर्वसामान्यांसाठी खुले असावे, म्हणजे तालुक्याच्या सेतू केंद्रात बसलेला मुलगाही पावती पाहून सांगू शकेल, की ही कंपनी कोणती, कुठली आणि तिच्याविरुद्ध तक्रार कुठे करायची. निधी कंपन्यांच्या प्रत्येक पावतीवर आणि पाटीवर ‘ही शासकीय योजना नाही’ असे मराठीत ठळक छापणे सक्तीचे करावे.

संपादकांना विनंती एवढीच, की बातमीत कंपनीचे नाव पूर्ण द्यावे, सोबत तिचे गाव द्यावे, फोटो जागेवर जाऊन घ्यावा, आणि चूक झालीच तर खुलासा बातमी जिथे होती तिथेच छापावा.

हरकतीच्या अर्जाची पोच, बँकेला दिलेली चार पत्रे, पोलिसांचा कागद आणि परत ओतलेल्या २६० पिशव्यांच्या विक्रीच्या पट्ट्या आमच्या कार्यालयात पाहायला मिळतील. त्या मावशी संक्रांतीनंतर पुन्हा एकदा येऊन गेल्या. तक्रार नोंदवून घेतली आहे, पण पावतीची मूळ प्रत जमा केल्याची पोच त्यांना मिळालेली नाही, तीही मिळावी.

या पत्राचे उत्तर गोदामाच्या पत्त्यावर पाठवावे. पाकिटावर कंपनीचे पूर्ण नाव, गावाचे नाव आणि ओळख क्रमांक लिहावा. फक्त पहिला शब्द लिहिलेली पत्रे आमच्या पोस्टमनला कुठे द्यायची ते कळत नाही.

आपला,
अध्यक्ष, एक शेतकरी उत्पादक कंपनी,
मराठवाडा